सिस्टर सांगून गेल्या, पण घराला काय समजलं?

गावात आणि शहरातल्या वस्त्यांमध्येही हे आता नेहमीचं झालं आहे. आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, एक छापील कागद घेऊन दारात येतात. घरात तिशी ओलांडलेलं कोण आहे, तंबाखू खाता का, दारू घेता का, चालणं-फिरणं किती होतं, आईवडिलांना बीपी-शुगर होती का, असं एकेक विचारतात. टेप काढून कंबरेचा घेर मोजतात. उत्तरांना गुण देतात आणि बेरीज चारच्या वर गेली, तर सरकारी आरोग्य उपकेंद्रात तपासणीला लवकर या म्हणतात. तिथे सिस्टर बीपी बघतात, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात. मग ठरलेली वाक्यं येतात: "मीठ कमी करा, तेल कमी करा, गोळी चुकवू नका."

बऱ्याच घरांना यातलं काहीच नीट उमगत नाही. अंगात काही दुखत-खुपत नसताना तपासणी कशाला? मीठ कमी म्हणजे नक्की किती कमी? परिपत्रकांत या सगळ्याला 'आरोग्य शिक्षण' आणि 'सक्षमीकरण' अशी जड नावं आहेत. नावं बाजूला ठेवली, तर विषय आपल्या स्वयंपाकघराचा आणि उशाखालच्या गोळ्यांच्या पाकिटाचा आहे.

आधी माणसं ओळखून घेऊ

सरकारी हिशेबाने सपाट प्रदेशात साधारण ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असतं. तिथल्या एएनएम म्हणजे गावाच्या सिस्टर किंवा नर्सबाई. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आलं आणि त्यासोबत साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा आली. ती गावातलीच बाई. २०१८ नंतर अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही आले. ते बहुतेक नर्सिंगचे किंवा आयुर्वेदाचे पदवीधर असतात. या सगळ्यांचं काम 'समुदाय आरोग्य परिचर्या' या शाखेत मोडतं. नर्सिंगच्या मुली ज्याला 'कम्युनिटी पोस्टिंग' म्हणतात, ते याच कामाचं शिक्षण.

दवाखान्यातली नर्स आणि गावातली नर्स यांच्या कामात एक मोठा फरक आहे. दवाखान्यात रुग्ण दिवसरात्र डोळ्यांसमोर असतो. औषध वेळेवर द्यायचं, सलाइन बघायचं, ताप लिहायचा, हे सगळं नर्सच्या हातात असतं. गावात सिस्टर एखाद्या घरी महिन्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं येतात. उरलेले सगळे दिवस काळजी घेतं ते घर. औषध सासूबाई देतात, जेवण सून करते, बाळाला ताप आला तर दवाखान्यात न्यायचं की नाही हे बहुतेक वेळा नवरा किंवा सासरा ठरवतो. म्हणून सिस्टर निघून गेल्यावर त्या घराला काय जमतं, यावरच त्यांच्या कामाचं मोल ठरतं.

आता त्या दोन शब्दांचे अर्थ. आरोग्य शिक्षण म्हणजे माहिती देणं, ती समजली का हे बघणं आणि हाताने करून घेणं. सक्षमीकरण म्हणजे आपल्या तब्येतीचा निर्णय स्वतः घेता येणं आणि तो पार पाडण्याइतकी साधनं आणि हक्क हाताशी असणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ सालच्या ओटावा सनदेतही मूळ कल्पना हीच आहे. आपल्या आरोग्यावरचं लोकांचं नियंत्रण वाढलं पाहिजे, असं ती सांगते.

"समजलं का?" विचारून काही कळत नाही

विहिरीच्या काठावर उभं राहून पोहणं शिकवता येत नाही. पाठीला सुका भोपळा बांधून आधी पाण्यात उतरवावं लागतं, हनुवटीखाली हात धरावा लागतो, मग हळूच हात काढायचा आणि शेवटी भोपळा सोडायचा. आपल्याकडची आरोग्याची भाषणं मात्र काठावरूनच होतात. फ्लिपचार्ट उलटत जातो, बायका माना डोलावतात, रजिस्टरमध्ये 'आरोग्य शिक्षण दिले' समोर खूण होते.

ओआरएसचंच घ्या. जुलाब झाल्यावर द्यायचं ते पाकीट जवळजवळ सगळ्यांना माहीत आहे. मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामं करायचं असतं. अनेक घरांत मात्र चमचाभर पावडर पेल्यात टाकतात आणि उरलेलं पाकीट दुमडून डब्यात ठेवतात. मिश्रण घट्ट झालं तर शरीरात मीठ जास्त जाऊन बाळाला अपाय होतो. पातळ झालं तर उपयोग होत नाही. "ओआरएस द्या" हे सांगून झालेलं असतं, ते ऐकलेलंही असतं, आणि तरी चूक होते. त्याच घरातलं पातेलं काढायला लावून, पाण्याच्या बाटलीने लिटर मोजून, आईच्या हातून एकदा कालवून घेतलं, तर ती आयुष्यभर चुकत नाही. सोबतची झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची असते. हेही त्याच वेळी सांगून दिवस कॅलेंडरवर खुणेने दाखवावे लागतात.

समजलं की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. "समजलं का?" असं विचारलं की उत्तर "हो" हेच येतं. समोर शिकलेली, पांढऱ्या कपड्यातली बाई उभी असताना 'नाही' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. त्याऐवजी सिस्टरनी असं विचारावं: "काकू, आता घरी गेल्यावर सूनबाई विचारतील, सिस्टर काय म्हणाल्या? तर तुम्ही काय सांगाल?" काकू म्हणतात, "रोज सकाळी एक गोळी. डोकं दुखायचं थांबलं की बंद."

घोळ इथेच सापडतो. बीपीच्या गोळीचा आणि डोकेदुखीचा संबंध काकूंनी आपल्या मनाने जोडला होता. बीपी बहुतेकदा काही लक्षण न दाखवता वाढतं. १४०/९० च्या वर ते वर्षानुवर्षं राहिलं, तर मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांचं नुकसान करत राहतं. म्हणून दुखत नसतानाही गोळी घ्यायची असते. आता सिस्टरनी हे पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगायचं आणि काकूंकडून पुन्हा ऐकायचं. या पद्धतीत परीक्षा सांगणाऱ्याची होते. ऐकणाऱ्याला कळलं नाही, तर सांगण्यात कमी राहिली, असं धरून चालायचं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातून बाकी काही विसरलं तरी चालेल, पण एवढं प्रत्येक मुलीच्या अंगवळणी पडावं, असं मला मनापासून वाटतं.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. पण घरात मीठ ग्रॅमवर कुणी मोजत नाही, पुडा मात्र सगळे आणतात. पाच मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलोपेक्षा जास्त मीठ संपत असेल, तर ते नक्की जास्त आहे. लोणचं, पापड, फरसाण आणि खारे शेंगदाणे यांतलं मीठ त्याहून वेगळं. पुडा फोडला ती तारीख त्याच्यावर लिहून ठेवायची. पुढच्या महिन्यात सिस्टर आल्या की घरची बाईच त्यांना हिशेब सांगते. मोजमाप घराच्या हातात गेलं की बोलणं बरोबरीचं होतं.

बांगलादेशात पगार आईच्या आठवणीवर ठरला

हे सगळं मोठ्या प्रमाणावर जमतं का, असं कुणी विचारलं तर बांगलादेशातल्या 'ब्रॅक' संस्थेचं काम सांगावं लागेल. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्यांच्या बायका खेड्यापाड्यांतल्या एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि प्रत्येक आईला मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, आणि अर्धा शेर, म्हणजे साधारण अर्धा लिटर, पाणी. पाकिटाची वाट बघायची नाही, घरात आहे त्यातून करायचं.

शिकवणाऱ्या बाईला किती घरं फिरली यावर पैसे मिळत नव्हते. काही आठवड्यांनी दुसरी माणसं त्यातल्या काही घरांत अचानक जात, आईला प्रश्न विचारत, तिच्याकडून पाणी करून घेत आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासत. आईला जितकं आठवे आणि जमे, तितका शिकवणाऱ्या बाईचा मोबदला. लांबलचक भाषणं आपोआप बंद झाली, हाताने करून घेणं सुरू झालं.

तरी एक अडचण उरलीच, आणि मला तीच जास्त शिकवून जाते. आयांना पाणी करता येत होतं, पण मूल आजारी पडल्यावर त्या ते देत नव्हत्या. शोध घेतल्यावर कळलं की लोक जुलाबाचे वेगवेगळे प्रकार मानतात आणि हे पाणी फक्त पटकीसारख्या (कॉलरा) भयंकर प्रकाराला असतं, अशी त्यांची समजूत झाली आहे. शिकवणाऱ्या काही बायकांचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांशी तर कुणी बोललंच नव्हतं. मग त्या बायकांना इस्पितळात नेऊन या पाण्याने रुग्ण बरे होताना दाखवलं, पुरुषांच्या वेगळ्या बैठका घेतल्या, आणि वापर वाढत गेला.

आपल्याकडेही दात येतानाचे जुलाब 'होणारच' म्हणून सोडून दिले जातात. ती समजूत आधी ऐकून घेतल्याशिवाय ओआरएसचं पाकीट दिलं, तर ते फडताळातच राहतं.

"अडाणी माणसांना हे कुठे कळणार?"

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, पाण्याची कायम ओरड असलेला भाग. सुरुवातीला त्यांनी खेड्यांत नर्सबाई ठेवून पाहिल्या. ते टिकलं नाही. बाहेरून आलेली, एकटी राहणारी तरुण मुलगी गावात रुजेना, आणि गावही तिला आपलं म्हणेना. मग गावातलीच बाई शिकवावी, असं ठरलं.

निवडलेल्या बायका बहुतेक गरीब आणि दलित घरांतल्या होत्या. कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, गावी जाऊन तेच करून बघत, अडलेलं घेऊन पुन्हा येत. गरोदर बाईची तपासणी, बाळाचं वजन, जुलाबाचं पाणी, क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या रुग्णाची चौकशी, हे सगळं त्या करू लागल्या. डॉक्टर आणि नर्स यांचं पथक त्यांच्या पाठीशी होतं. १९७१ साली या गावांत जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला.

आकड्यामागे आणखी एक गोष्ट आहे. ज्या बाईला गावात सार्वजनिक पाण्याला हात लावू देत नव्हते, तिलाच आता रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी बोलावणं येऊ लागलं. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. पाणी, झाडं, बँकेचं कर्ज या गोष्टी आरोग्याच्याच बैठकीत बोलल्या जाऊ लागल्या. पोट भरलेलं नसेल आणि पाणी घाण असेल, तर गोळीने किती भागणार, हे त्या बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अर्धवट ज्ञान अंगाशी येतं, त्याचं काय?"

ही भीती खोटी नाही. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणून खाणारी माणसं आपण रोज बघतो. पण सक्षम होण्यात 'आता हे माझ्या आवाक्यातलं नाही, निघायला हवं' हे ओळखणंही येतं. किंबहुना ते सगळ्यात आधी येतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रयोग केला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळ उबदार कसं ठेवायचं, अंगावर कसं पाजायचं, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि ठरलेल्या नियमांनी उपचार कधी करायचे. आयांनाही हेच समजावलं. शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०११ पासून देशभरच्या आशांकडे हे काम आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्याची मुळं इथे आहेत.

त्या भेटींत आईने शिकून घ्यावं ते थोडकंच आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, ते दूध ओढत नसेल, अंग थंडगार किंवा तापलेलं लागत असेल, झटके येत असतील किंवा ते मलूल पडलं असेल, तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. घड्याळाचा सेकंदकाटा धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणं कुठल्याही आईला जमतं. हे जमणारी आई डॉक्टरांना टाळत नाही, उलट वेळेत पोचते.

"सगळं सांगितलं, तरी लोक ऐकतच नाहीत"

थकलेल्या सिस्टरच्या तोंडून हे वाक्य येतं तेव्हा त्यांचा राग समजतो. तरीही बहुतेक वेळा अडचण 'न ऐकण्यापेक्षा' वेगळीच निघते.

लोहाच्या गोळ्या बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज गोळी घ्यायची असते, ती फुकट मिळते, आणि तरी पाकिटं तशीच राहतात. कारणं विचारली की ती कळतात. मळमळतं. शौचाला काळं होतं आणि बाई घाबरते. चहासोबत घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेतलेली असते. घरात कुणी म्हणतं, जास्त गोळ्या खाल्ल्या तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल. यातल्या प्रत्येकाला उत्तर आहे: काळं होणं धोक्याचं नसतं, गोळी रात्री जेवणानंतर घ्या, लिंबू-आवळ्यासोबत घ्या, चहा आणि कॅल्शियमची वेळ वेगळी ठेवा. पण विचारलंच नाही, तर उत्तर देणार कशाचं?

काही कारणं मात्र सिस्टरच्या बोलण्याने सुटणारी नसतात. ऊसतोडीला गेलेली बाई सहा महिने कोप्यावर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहते, तिथे पाठपुरावा कुणी करायचा? सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या सुनेला "पालेभाजी, कडधान्य, अंडी खा" सांगून तिच्या ताटात काय बदलतं? अशा वेळी सल्ला सुनेला एकटीला देणं म्हणजे तिच्या माथी आणखी एक दोष मारणं. सासूबाईंना आणि नवऱ्याला समोर बसवून बोलावं लागतं.

"म्हणजे सरकारने जबाबदारी लोकांवर ढकलली?"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. 'तुमची तब्येत तुमच्या हातात' असं पोस्टर लावायचं आणि दवाखान्यात बीपीची गोळीच ठेवायची नाही, याला सक्षमीकरण म्हणता येणार नाही. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात लोकांचा आरोग्यसेवेच्या नियोजनातला सहभाग हा हक्क म्हणूनही मांडला आहे आणि कर्तव्य म्हणूनही. आपल्याकडे कर्तव्य फार ऐकवलं जातं, हक्काचा उच्चार क्वचितच होतो.

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम झालं, ते म्हणूनच मोलाचं. गावकऱ्यांनी बसून आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. औषधं मिळतात का, सिस्टर येतात का, बाहेरून औषध आणायला सांगतात का, पैसे मागतात का, यावर प्रगतिपुस्तक तयार केलं. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचलं. मीठ-गुळाचं पाणी करता येणं आणि 'औषध का नाही' हा प्रश्न उभं राहून विचारता येणं, ही एकाच शिक्षणाची दोन कामं आहेत.

आशा आणि सिस्टर यांच्याबद्दलही हे बोललं पाहिजे. महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी वारंवार संपावर गेल्या आहेत. ढीगभर रजिस्टरं, मोबाइलवरची अॅप, लसीकरण, सर्वेक्षण या सगळ्यात घरी बसून बोलायला वेळ उरतो किती? ज्या बाईच्या स्वतःच्या हातात काही नाही, तिने दुसऱ्या बाईला बळ द्यावं अशी अपेक्षा आपण करतो. वेळ कमी असेल तर एका भेटीत एकच गोष्ट शिकवावी आणि पुढच्या भेटीत तीच तपासावी. पण कामाचा मोबदला आणि माणसांची संख्या वाढवण्याला हा पर्याय नव्हे.

आपण काय विचारू शकतो

पुढच्या वेळी सिस्टर किंवा आशाताई दारात आल्या, की माझं बीपी किती आहे ते आकड्यात विचारा आणि लिहून ठेवा. ही गोळी कशासाठी, किती दिवस, चुकली तर काय करायचं, आणि कुठलं लक्षण दिसलं की घरी न थांबता दवाखाना गाठायचा, हे विचारा. मग आपल्या शब्दांत त्यांना परत सांगून बघा. घरात स्वयंपाक करणाऱ्या आणि पैसे ठेवणाऱ्या माणसालाही त्या वेळी बसवा.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतच्या अबंधित निधीची, म्हणजे कशावर खर्च करायचा हे समितीनेच ठरवायच्या पैशांची, तरतूद राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या सुरुवातीच्या काळापासून आहे. शहरी वस्त्यांत महिला आरोग्य समित्या आहेत, त्यांनाही असाच छोटा निधी असतो. आपल्या समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली आणि पैसे कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.